बाराशे चाळीसवाले आत्मारामभाऊ

निर्मळच्या आत्माराम राऊतांना कुणी बोलघेवडे म्हटलं असतं, तर ऐकणाऱ्याने आधी म्हणणाऱ्याच्याच कपाळाला हात लावून ताप बघितला असता. भाऊंचा धंदा सोनचाफ्याच्या कलमांचा. चाळीस वर्षं कलमं बांधून बोटांना नाजूकपणा आला होता, पण जिभेपर्यंत तो कधी पोचला नव्हता. "काय भाऊ, बरं आहे ना?" असं कुणी विचारलं की ते न थांबता म्हणायचे, "दिसतोय ना चालताना?" आणि खरोखरच चालत पुढे निघून जायचे. चालणं तर असं, की बरोबरच्या माणसाला आपलं वाक्य पुरं करायला मागून धावावं लागे.

तेच भाऊ अडुसष्टाव्या वर्षी पार बदलले. घरापासून तळ्याच्या कोपऱ्यावरच्या चहाच्या टपरीपर्यंत जेमतेम पाऊण किलोमीटर रस्ता. तेवढ्याला त्यांना आता अर्धा तास लागू लागला, कारण वाटेत ते माणसांशी बोलायचे.

पहिला थांबा थेरेसाबाई तुस्कानोंच्या फाटकाशी. "काय थेरेसाबाई, कोंबड्या काय म्हणतात?" पहिल्या दिवशी थेरेसाबाई इतक्या दचकल्या की हातातलं दाण्यांचं सूप पालथं झालं आणि कोंबड्यांची चैन झाली. इतक्या वर्षांच्या शेजारात हा माणूस आपल्याशी तीनदाच बोलल्याचं त्यांना आठवत होतं, आणि त्यातलं एकदा तर 'तुमची बकरी माझ्या बागेत आहे' एवढंच. आता तो रोज उभा राहून तांबडी अंड्यावर बसली का, लंगडीचा पाय बरा झाला का, असं विचारत होता. दुसरा थांबा जयवंत मास्तरांच्या ओट्याशी. मास्तर निवृत्त झाल्यापासून श्रोत्यांच्या शोधात होते, त्यांना तर देवच भेटला. आणि तिसरा थांबा देवळासमोर. तिथे भाऊ हात जोडून, डोळे मिटून चांगली दोन मिनिटं उभे राहत. पुजाऱ्याने त्यांचं नाव उत्सवाच्या समितीत घालायचंही ठरवून टाकलं होतं.

गाव खूश होतं. वय झालं की माणूस मऊ होतो, असं सगळे म्हणत. थेरेसाबाईंनी तर दोनदा डझनभर अंडी पाठवली.

खरी गोष्ट ठाऊक होती ती फक्त भाऊंना आणि त्यांच्या उजव्या पोटरीला. दोनशे पावलं झाली की पोटरीत कुणीतरी ओला दोर पिळायला घ्यायचं. अडीचशेला पाय पुढे टाकवत नसे. दोन मिनिटं उभं राहिलं की दोर आपोआप सुटायचा, पुन्हा दोनशे पावलं मिळायची. आता भर रस्त्यात निमित्ताशिवाय उभा राहिलेला आत्माराम राऊत लोकांनी बघितला असता, तर 'भाऊ थकले' ही बातमी त्यांच्या आधी टपरीवर पोचली असती. म्हणून कोंबड्या, म्हणून मास्तर, आणि देवाची क्षमा मागून, म्हणून देवही.

द्वारकाबाईंना, म्हणजे भाऊंच्या बायकोला, काहीतरी खटकत होतं. "बाहेर सगळ्या गावाशी बोलता म्हणे," एकदा जेवायला वाढताना त्या म्हणाल्या. "थेरेसा सांगत होती, तासभर गप्पा मारतात."

"तासभर कुठे? दोन मिनिटं."

"घरात ती दोन मिनिटं सुचत नाहीत का कधी?"

भाऊंनी भाताचा मोठा घास घेतला. घरात काय, बसायला खुर्ची होती. उत्तर तोंडात होतं, पण ते भाताबरोबर गिळावं लागलं.

फेब्रुवारीत एका रविवारी चर्चच्या हॉलमध्ये तपासणी शिबिर लागलं. साखरेच्या रुग्णांच्या पायांची तपासणी, फुकट. चालवणारी होती डॉक्टर ज्युली, थेरेसाबाईंची मुलगी. वसईत तिचा दवाखाना होता, आणि लहानपणी तिला शाळेत उशीर झाला की भाऊंनीच चारदोनदा सायकलच्या दांडीवर बसवून नेलेलं. भाऊंची साखर पंधरा वर्षांची जुनी. द्वारकाबाईंनी त्यांना इस्त्रीचा शर्ट घालून पाठवलं, आणि ते मधूनच पळू नयेत म्हणून बरोबर बॅप्टिस्टला जोडून दिलं.

बॅप्टिस्ट हा भाऊंचा एकुलता एक मित्र. त्याची केळीची बाग भाऊंच्या बागेला लागून. दोघं आपापल्या घरी आपापली बोली बोलत आणि बांधावर भेटले की एकमेकांच्या बोलीची नक्कल करून भांडत. कुणाच्या विहिरीला पाणी जास्त, कुणाचा आंबा आधी मोहरला, कुणाच्या जावयाची गाडी मोठी, याच्यावर त्यांची पन्नास वर्षं सुखात गेली होती.

हॉलमध्ये माणसाला आडवं निजवून दोन्ही दंडांना आणि दोन्ही घोट्यांना पट्टे बांधत होते. पट्टे फुगत, सुटत, आणि मशीन एक आकडा दाखवी. भिंतीवर कागद चिकटवला होता: 'आकडा ०.९ पेक्षा कमी आल्यास डॉक्टरांना भेटा.' बॅप्टिस्टचा आकडा आला एक पूर्णांक शून्य दोन. तो उठून बसला आणि पास झाल्यासारखा हसला.

मग भाऊ आडवे झाले. मशीनने बराच वेळ घेतला. पट्टा फुगला, आणखी फुगला, घरघरला. तपासणारी पोरगी आकड्याकडे आणि मग भाऊंच्या पायाकडे बघत राहिली.

"किती?" भाऊंनी विचारलं.

"एक पूर्णांक चौसष्ट."

भाऊंनी मान वळवून भिंतीवरचा कागद वाचला, मग बॅप्टिस्टकडे बघितलं. "ऐकलंस? चौसष्ट! आयुष्यभर कलमांमागे उन्हातान्हात चाललोय, उगाच नाही."

बॅप्टिस्टचं तोंड उतरलं. "माझा पट्टा सैल बांधला होता," तो कुरकुरला. "पुन्हा घ्या माझं."

पाचेक मिनिटं भाऊंनी हॉलभर चौसष्ट फिरवला. थेरेसाबाई चहा वाटत होत्या, त्यांच्याकडून कप घेता घेता त्यांनाही सांगितला. तेवढ्यात ज्युली आतल्या टेबलावरून उठून आली.

"आत्मारामकाका, ही काही बोर्डाची परीक्षा नाही. पुन्हा आडवे व्हा."

तिने एक बोटभर रुंदीचा चिमुकला पट्टा काढला आणि त्यांच्या पायाच्या अंगठ्याला गुंडाळला. आकडा बघून तिने ओठ मुडपले. "चालताना पाय दुखतो का?"

"छे."

"बरं. मग माझ्याबरोबर हॉलला दहा फेऱ्या मारा."

पहिल्या तीन फेऱ्या भाऊ हातात चहाचा कप घेऊन छाती काढून चालले. चौथीत वेग कमी झाला. पाचवीच्या मध्यावर ते खिडकीशी उभे राहिले, बाहेर बघितलं आणि मोठ्या जिव्हाळ्याने म्हणाले, "मग ज्युली, आई कशी आहे तुझी?"

"काका, आई समोर चहा वाटतेय. तुमच्या हातातला कपसुद्धा तिनेच दिलाय."

"हां, हां. आणि त्या कोंबड्या...?"

"कोंबड्यांचंही आईने मला सांगितलंय." ज्युलीने हाताची घडी घातली. "गेलं वर्षभर तुम्ही आमच्या फाटकाशी थांबता. आई मोठ्या हौसेने सांगायला लागते, आणि तिचं वाक्य अर्ध्यावर असताना तुम्ही चालू पडता. तिला वाटतं, आपलं काय चुकलं? तिचं काही चुकत नाही. तुमची पोटरी सुटली की कोंबड्यांचं काम संपतं. बरोबर?"

भाऊंनी कपातला उरलेला चहा फार लक्षपूर्वक प्यायला. मग हळूच म्हणाले, "आईला सांगू नकोस."

ज्युलीने त्यांना खुर्चीत बसवलं. साखर आणि बिडी, दोघांनी मिळून त्यांच्या पायांच्या रक्तवाहिन्यांच्या भिंतीत चुना भरला होता. रबरासारखी असायची ती नळी ताठ झाली होती. त्यामुळे पट्ट्याने कितीही आवळलं तरी ती दबत नव्हती, आणि मशीनला वाटत होतं, केवढा हा दाब! अंगठ्यातल्या बारीक नळ्या अशा ताठ होत नाहीत, त्यांनी खरं सांगितलं. पायाला रक्त कमी पडत होतं.

"म्हणजे मशीनलाच चुना लागला म्हणायचा," भाऊ म्हणाले.

ज्युलीला हसू आलं, पण तिने ते फार वेळ ठेवलं नाही. "पायाच्या नळ्या एवढ्या ताठ झाल्या की मला हृदयाचीही काळजी वाटते, काका. त्याला रोज जोर लावावा लागतो. ताण पडला की ते रक्तात खुणा सोडतं. छातीत काही दुखत नसलं तरी त्या खुणा दिसतात. दोन बाटल्या रक्त घेते, छोट्या. रिपोर्ट फोनवर येईल."

फॉर्मवर फोन नंबर लिहायचा होता. भाऊंनी लिहिला, सही केली, आणि बाहेर आल्यावर बॅप्टिस्टला सांगितलं की पाय उत्तमच आहेत, डॉक्टरीणबाईंना विश्वास बसत नाही म्हणून त्या रक्त बघतायत. घरी तर तेवढंही सांगितलं नाही.

सोमवारचा दिवस गेला. मंगळवारपासून घरात चमत्कारिक गोष्टी घडू लागल्या. जेवणाच्या पानातून पापड गेला. लोणच्याची बरणी फडताळाच्या अशा कप्प्यात गेली, जिथे स्टूल घेतल्याशिवाय हात पोचत नव्हता. बुधवारी आमटी अळणी. भाऊंनी मीठ मागितलं तर द्वारकाबाई "संपलंय" म्हणाल्या, आणि तेही मिठागरांच्या मुलखात राहून! सुकटीचा डबा उघडला तर त्यात मुरमुरे.

गुरुवारी सकाळी कळस झाला. बागेतल्या पंपाच्या खोलीत, जुन्या वायरींच्या मागे, भाऊंचं बिडीचं बंडल असे. ते तिथे नव्हतं. त्याच्या जागी लवंगांची पुडी होती, नीट घडी घातलेली. भाऊ पुडीकडे बघत बसले. कुणाला विचारायची सोय नव्हती, कारण घरातल्या माहितीप्रमाणे त्यांनी बिडी अकरा वर्षांपूर्वीच सोडली होती.

ही बाई कशावर तरी रागावली आहे, एवढं त्यांनी ताडलं. लग्नाचा वाढदिवस? तो मे महिन्यात. माहेरचं कुणी? सगळे ठणठणीत. शेवटी त्यांनी वसईला जायचं म्हणून रिक्षा धरली आणि ज्युलीच्या दवाखान्यात जाऊन बसले.

"माझा रिपोर्ट तुमच्या लोकांनी हरवला वाटतं," ते म्हणाले.

"सोमवारी संध्याकाळीच पाठवलाय, काका. तुम्ही दिलेल्या नंबरवर." ज्युलीने फॉर्म पुढे सरकवला.

भाऊंनी नंबर वाचला. त्यांच्याच अक्षरात, ठसठशीत, द्वारकाबाईंचा नंबर. आयुष्यात एकच नंबर त्यांना पाठ होता. स्वतःचा पाठ करायची कधी वेळच आली नव्हती, स्वतःला फोन कोण करतं?

"काकू मंगळवारीच येऊन गेल्या," ज्युली म्हणाली. "कॅलेंडरच्या मागे बारा प्रश्न लिहून आणले होते. सगळ्यांची उत्तरं घेऊन गेल्या. तेरावा मी विचारला, काका अजून बिडी ओढतात का? त्या म्हणाल्या, नाही ओढत, फक्त पंपाच्या खोलीत ओढतात."

 मग ज्युलीने भाऊंसमोर कागद ठेवला आणि एका आकड्याखाली बोट धरलं. त्या खुणेचं नाव लांबलचक होतं, एनटी-प्रोबीएनपी. हृदयाची भिंत ताणली की ती रक्तात येते. भाऊंची होती बाराशे चाळीस. "तीनशेच्या आत असती तर मी एवढं बोललेच नसते." दुसरी ट्रोपोनिनची, तीही हवी त्याहून किंचित वर.

"छातीतली मोटर जळाली?" भाऊंनी विचारलं.

"नाही. झटका आलेला नाही. पण ती गरम होतेय, आणि आपल्याला वेळेत कळलंय. हृदयाची सोनोग्राफी करू, गोळ्या सुरू करू. बिडी आजपासून बंद, पंपाच्या खोलीतसुद्धा. पायाला जखम होऊ द्यायची नाही, बागेत अनवाणी जायचं नाही. आणि चालायचं."

"चालायचं? अगं, तेच तर जमत नाही."

"दुखेपर्यंत चालायचं. चांगलं दुखायला लागलं की थांबायचं. सुटलं की पुन्हा चालायचं. असं अर्धा तास, मग पाऊण तास."

"हे तर मी वर्षभर फुकट करतोय!"

"तुम्ही चांगलं दुखायच्या आधीच कोंबडीशी थांबता. आता पोटरी सांगेल तिथे थांबायचं, मग तिथे कोंबडी असो वा नसो."

घरी आले तेव्हा द्वारकाबाई ओट्यावर चाफ्याची फुलं निवडत होत्या. भाऊ समोर बसले. त्यांनीही फुलं निवडायला घेतली.

"रिपोर्ट तुझ्याकडे आला होता, सांगितलं नाहीस," भाऊ म्हणाले.

"तुम्ही सांगाल म्हणून वाट बघत होते."

"मला तरी कुठे कळला होता?"

"रिपोर्टचं नव्हे." द्वारकाबाईंनी मान वर केली. "पायाचं. ते वर्षभर कळत होतं ना? थेरेसाच्या कोंबड्यांना कळलं, मास्तरांच्या ओट्याला कळलं. बाराशे चाळीस, बाराशे चाळीस, तीन दिवस पोळ्या लाटताना दुसरं काही डोक्यात नाही. रात्रीचा तुमचा श्वास मोजत बसते मी."

कलम बांधताना कोंबाचा डोळा नीट बसला नाही तर पुन्हा सोडून बांधायचा असतो, तेवढं भाऊंना येत होतं. त्यांनी सगळं पहिल्यापासून सांगितलं: दोर कसा पिळतो, डावीकडे कमी आणि उजवीकडे जास्त, देवळासमोर मिटलेले डोळे, पालथं झालेलं सूप. सूप ऐकून द्वारकाबाईंना हसू फुटलं. हसता हसताच त्यांनी पदराने डोळे पुसले आणि म्हणाल्या, "देवाला तरी सोडायचं होतं."

बॅप्टिस्टला ही बातमी कशी लागली ते कळलं नाही, पण अर्धीच लागली. दुसऱ्या दिवशी टपरीवर चार माणसांदेखत तो तावातावाने म्हणाला, "मीही हट्टाने रक्त दिलं होतं, माझे फक्त ऐंशी! तुझे बाराशे चाळीस कसे रे? तिथेही तुझाच पट्टा घट्ट?"

चारही माणसं भाऊंकडे कौतुकाने बघू लागली. एकाने तर "वा भाऊ" म्हटलंही. वर्षभरापूर्वीचे भाऊ असते तर त्यांनी मिशीला पीळ दिला असता. त्या दिवशी ते बॅप्टिस्टच्या शेजारी बाकावर बसले आणि म्हणाले, "बॅप्टिस्ट, यात ज्याचे कमी तो जिंकला. तू जिंकलास."

बॅप्टिस्टला आधी आनंद झाला. मग अर्थ डोक्यात शिरला. पन्नास वर्षांत पहिल्यांदाच जिंकला होता आणि त्याला ते मुळीच आवडलं नाही. चहा तसाच ठेवून तो निघून गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी सहा वाजता भाऊंच्या दारात हजर. पायात लाल पट्ट्यांचे पांढरे बूट, आणि हातात तसलाच दुसरा जोड. "घाल," तो म्हणाला. "अनवाणी नको म्हणालीय ना ती पोरगी?"

हृदयाच्या सोनोग्राफीत निघालं की हृदय रक्त ढकलतंय व्यवस्थित, पण सैल पडायला कुरकुर करतंय. "तुझ्यासारखंच आहे," बॅप्टिस्टचं मत पडलं. गोळ्या सुरू झाल्या. पायाचं ऑपरेशन सध्या नको, चालून बघू, असं ठरलं. मग रोज सकाळी तळ्याच्या कडेने मिरवणूक निघू लागली. पुढे लाल पट्ट्यांच्या बुटातले दोन म्हातारे, मागे ज्युलीने दिलेला तक्ता हातात घेतलेल्या द्वारकाबाई. तक्त्यात दुखण्याला एक ते पाच गुण द्यायचे होते. भाऊंनी "तीन" म्हटलं की सगळे थांबत. "साडेतीन" म्हटलं तर द्वारकाबाई ओरडत, "अर्धे गुण नाहीत!" रस्त्याच्या मधोमध, कुठलंही निमित्त नसताना, आत्माराम राऊत उभे राहिलेले आता सगळ्या गावाने बघितले. भाऊ थकले, असं कुणीच म्हटलं नाही. उलट कुणाकुणाच्या पोटऱ्यांना कंठ फुटला. जयवंत मास्तर तर दुसऱ्याच आठवड्यात स्वतः ज्युलीकडे जाऊन अंगठ्याला पट्टा बांधून आले.

पहिला महिना भाऊंना बिडीवाचून वाईट गेला. लवंगा खाऊन खाऊन त्यांच्या तोंडाला मसालेभाताचा वास येऊ लागला. दुसऱ्या महिन्यात दोनशे पावलांची चारशे झाली. चौथ्यात द्वारकाबाईंनी तक्ता घरीच ठेवायला सुरुवात केली.

ऑगस्टमध्ये पुन्हा रक्त दिलं. या खेपेला फॉर्मवर भाऊंनी तोच नंबर लिहिला, पण जाणूनबुजून. आकडा आला सहाशे दहा. ट्रोपोनिन काठावर.

"म्हणजे अजून नापास," भाऊ ज्युलीला म्हणाले.

"नापासच. पण निम्म्यावर आलात, काका. पायातला चुना परत फिरत नाही, हे धरून चालायचं. हृदयाचा ताण मात्र उतरतोय. गोळी सोडायची नाही, आणि सहा महिन्यांनी पुन्हा यायचं."

"येतो. बॅप्टिस्टलाही आणतो. त्याचे ऐंशीचे नव्वद झाले की काय ते बघायचंय."

पाऊस ओसरल्यावर एका रविवारी भाऊ आणि द्वारकाबाई कळंबला गेले, चालत. निर्मळहून समुद्रापर्यंत. सुरूच्या झाडांशी पोचेपर्यंत चारदा थांबले. तिसऱ्या थांब्याला दोघं एका पडक्या कुंपणावर बसून भांडले, घराला कुठला रंग द्यायचा यावरून, आणि पोटरी कधीच सुटली असूनही दहा मिनिटं उठले नाहीत. वाळूवर होड्या नुकत्याच लागल्या होत्या. एक कोळीण टोपलीतून ओले बोंबील दाखवत म्हणाली, "घ्या बाय, आत्ताच पान्यातून काढलेत, अजून थंड हायेत." द्वारकाबाईंनी बोटाने दाबून बघितले, दर पाडला आणि एक मोठा वाटा घेतला.

"मीठ कमी घालीन," त्यांनी पिशवी बांधता बांधता बजावलं.

"घालायचं तेवढं घाल," भाऊ म्हणाले. ते लाल पट्ट्यांचे बूट काढून त्यातली वाळू झाडत होते. "पण चालत गेलो तर वाटेत खराब होतील."

आणि दोघांनी रिक्षा केली.